फळ्याकडे पाठ

नामक्कलच्या बायपासवर मयिलसामीचा फ्लेक्स लागला, त्या दिवशी त्याची आई शेजारणीला घेऊन बसने तिथवर गेली आणि तो डोळे भरून पाहून आली. एरवी त्या जागी पुढारी, नट नाहीतर कुणाच्या तरी लग्नातले नवरा-नवरी असायचे. आता तिथे तिचा लेक होता. अंगात कोट, हातात खडू, मागे हिरवा फळा आणि त्यावर कसलीशी गणितं. वर लिहिलं होतं पोन्नरसी विद्यापीठ, खाली लिहिलं होतं 'देशात चौऱ्याहत्तरावे, शिकवण्यात अव्वल'. आईला वाचता येत नव्हतं, पण लेकाचं तोंड ओळखता येत होतं.

"सामी," ती घरी येऊन म्हणाली, "तुझ्या नाकावरचा तीळ तिथे ताटाएवढा दिसतो रे."

"अम्मा, दृष्ट काढ मग माझी."

"काढली. तिथेच काढली. बसस्टॉपवरचे लोक बघत राहिले."

हा आनंद रविवारी सकाळपर्यंत टिकला. रविवारी तोच फोटो सगळ्या पेपरांत पानभर छापून आला, आणि मयिलसामीची कॉफी अजून घशाखाली उतरत होती तोच चेन्नईहून एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. अभिनंदन नाही, काही नाही. "अरे, स्वतःचं थोबाड बघून झालं असेल तर जरा मागचा फळा वाच."

मयिलसामीने पेपर उचलला. त्याच्या उजव्या कानाच्या बाजूला, स्वच्छ मोठ्या अक्षरांत, मुळाच्या चिन्हाखाली क्ष-वर्ग अधिक नऊ होते. आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह करून लिहिलं होतं: क्ष अधिक तीन.

नववीतल्या पोराने केली तर कान धरावा अशी ती चूक. क्षच्या जागी चार घालून बघितलं तरी पितळ उघडं पडतं. सोळा नि नऊ पंचवीस, पंचविसाचं मूळ पाच. आणि चार नि तीन तर सात होतात. पाच म्हणजे सात, असं विद्यापीठाने पानभर जाहिरात देऊन जिल्ह्याला सांगितलं होतं. तासाभरात कुणीतरी त्यावर लाल गोल काढून फोटो सगळीकडे फिरवला. पलीकडच्या कॉलेजातल्या एका कार्ट्याने खाली लिहिलं होतं, 'हे चौऱ्याहत्तरावे, तर पंचाहत्तराव्यात काय शिकवत असतील?'

मयिलसामी साधा मास्तर नव्हता. त्याच्या नावावर दीडशेच्या वर शोधनिबंध होते आणि विद्यापीठाचा क्रमवारी कक्ष त्याच्या हाताखाली होता. पाच वर्षांपूर्वी विद्यापीठ यादीत नव्हतंच. त्याने ते चौऱ्याहत्तरपर्यंत ओढत आणलं होतं. कुठल्या गोष्टीला किती गुण, हे त्याला तोंडपाठ होतं. निबंध किती, त्यांचे दाखले कुणी कुणी दिले, मान्यवरांचं मत काय. 'अध्यापन' या मथळ्याखालीही रकाने होते: शिक्षक किती, त्यात डॉक्टरेटवाले किती, ग्रंथालयावर खर्च किती. वर्गात जाऊन बसा आणि कोण कसं शिकवतंय ते बघा, असा रकाना कुठेच नव्हता. त्यामुळे मयिलसामीही कित्येक वर्षांत वर्गात गेला नव्हता.

गेला तो थेट परवाच्या शुक्रवारी, फोटो काढायला.

त्याचं असं झालं की नव्या इमारतीत सगळीकडे पडदे आणि प्रोजेक्टर. फोटोग्राफर हटून बसला, "सर, शिकवताना दिसायला पाहिजे. खडू पाहिजे, फळा पाहिजे, फळ्यावर भरपूर लिहिलेलं पाहिजे." असा फळा अख्ख्या आवारात एकच होता. जुन्या इमारतीत, वडिवुक्करसी टीचरांच्या वर्गात. संस्था पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून त्या पहिल्या वर्षाला गणित शिकवत आल्या होत्या. मयिलसामीलाही त्यांनीच शिकवलेलं. तो कोट सावरत आत शिरला आणि म्हणाला, "टीचर, दोनच मिनिटं बाजूला व्हा." त्या बाजूला झाल्या. हातातला खडू त्याला दिला आणि एवढंच म्हणाल्या, "मयिलसामी, आधी फळा बघ एकदा."

"नंतर बघतो टीचर, उजेड चाललाय," तो म्हणाला, आणि फळ्याकडे पाठ करून हसला.

* * *

कुलपती चेन्नियप्पन रविवारी विद्यापीठात बसत नसत. ज्या धंद्यावर विद्यापीठ उभं राहिलं, त्या लॉऱ्यांच्या बॉड्या बांधायच्या शेडमध्ये बसत. सगळे त्यांना ऐया म्हणत. मयिलसामी गेला तेव्हा ऐया लाकडी खुर्चीत बसून शेंगा खात होते, आणि मांडीवर तो पेपर होता.

"या डॉक्टर. मी पाचवी नापास. मला समजावून सांगा, हे चूक कसं."

मयिलसामीने चार नि तीन सात, पण मूळ पाच, हे सांगितलं.

"एवढं सोपं?" ऐयांनी शेंगेचं टरफल पेपरावर, बरोबर मयिलसामीच्या कोटावर टाकलं. "मग तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"माझी पाठ होती ऐया."

"गाडीचा ड्रायव्हर असं म्हणाला असता तर मी त्याला इथून हाकलला असता. लिहिलं कुणी हे?"

"वडिवुक्करसी टीचरांचा वर्ग आहे. त्या मुद्दाम चुकीची गणितं फळ्यावर लिहितात. मुलांनी केलेली. चुकांचा तास म्हणतात त्याला."

"मुद्दाम चूक शिकवतात? आणि पगार मी देतो?" ऐया उठून उभे राहिले. "ह्याच ना त्या, ज्यांना जूनपासून थांबवा म्हणून तुम्हीच लिहून दिलंय?"

मयिलसामीने मान हलवली. टीचरांकडे डॉक्टरेट नव्हती. अशी माणसं जितकी जास्त तितके गुण कमी, म्हणून त्याने तशांना थांबवण्याची शिफारस केली होती. त्यांचा वर्ग जूनपासून व्हिडिओवर जाणार होता. शिफारस लिहिताना त्याला काही वाटलं नव्हतं.

"मग जूनची वाट कशाला बघायची? उद्या त्यांच्याकडून लिहून घ्या, चूक माझी झाली म्हणून. ते आपण पेपरात देऊ. बाईंना घरी पाठवू. विषय संपला."

विषय किती स्वस्तात संपला, हे मयिलसामीच्या लक्षात आलं आणि त्याला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं त्याला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

* * *

सोमवारी तो जुन्या इमारतीत गेला तेव्हा तास चालू होता. मध्येच बोलवायला नको म्हणून मागच्या दाराने शिरून शेवटच्या बाकावर बसला. मुलांनी मागे वळून बघितलं, एकदोघं गालात हसली. फ्लेक्सवरचा माणूस!

फळा तसाच होता. टीचरांचा नियमच तसा होता. ज्याने चूक केली त्याला ती का बरोबर वाटली हे वर्गातल्या शेवटच्या माणसाला पटेपर्यंत चूक पुसायची नाही. आणि चूक कुणाची, ते टीचर कधीही सांगायच्या नाहीत. कुणी विचारायचंही नाही.

"चुकलं कुठे ते सगळ्यांना दिसतंय," टीचर म्हणत होत्या. "काल पेपर वाचणाऱ्यांनाही दिसलं." वर्ग हसला. "मला ते नकोच आहे. हे करणारा मूर्ख नव्हता. त्याला असं का वाटलं? त्याने कारण लिहून दिलंय, ते परत वाचा."

कारण फळ्याच्या मध्यावर एका चौकटीत तमिळमध्ये लिहिलेलं होतं. शुक्रवारी नेमकं त्याच्यासमोर मयिलसामीचं डोकं होतं, म्हणून ते फोटोत आलं नव्हतं. आता त्याने वाचलं.

'एका छपराखाली दोघे भाऊ आहेत. वाटणी झाली की ज्याचं त्याने घेऊन बाहेर पडायचं.'

मयिलसामीने ते पुन्हा एकदा वाचलं.

ते वाक्य त्याचं होतं. तो कॉलेजात आला त्याच्या महिनाभर आधी बापाची आणि काकाची वाटणी झाली होती. अंगणातून भिंत निघाली ती थेट बकऱ्यांच्या गोठ्यातून गेली, अर्धा गोठा इकडे, अर्धा तिकडे. पुढे दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. आणि कॉलेजात सगळं इंग्रजीत. तमिळ शाळेतून आलेल्या मयिलसामीला वर्गात काय चाललंय हे कळायचं नाही. पहिल्या चाचणीत त्याला शून्य मिळालं. घरी परत जायचं म्हणून त्याने ट्रंकही भरली होती. मुळाचं चिन्ह त्याला छपरासारखं दिसलं होतं, आणि त्याला माहीत असलेलं छप्पर वाटलं गेलं होतं.

मग टीचरांनी त्याची चूक फळ्यावर लिहिली, नाव न घेता. तासभर अख्खा वर्ग त्याच्या बाजूने भांडला. असं का वाटू नये, म्हणून भांडला. त्याला कुणी हसलं नाही. आपलं डोकं चालतं, फक्त वेगळ्या वाटेने गेलं, हे त्याला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी त्याने ट्रंक रिकामी केली. दीडशे निबंध त्यानंतरचे.

आणि हे सगळं तो साफ विसरला होता. त्याच्यासमोर कोट घालून उभा राहिला होता, पाठ करून.

"मिस," पुढच्या बाकावरची पूंगोडी म्हणाली, "मध्ये गुणाकार असता तर याचं बरोबर होतं. गुणाकारात वाटणी होते."

"आणि बेरीज असली की?"

"बेरजेत नाही होत. आत दोघांना आधी एकत्र मोजायचं. मग जे काय होईल ते मिळून बाहेर."

"का?"

मागून एक पोरगा म्हणाला, "भाऊ आहेत म्हणून!" आणि वर्ग पुन्हा हसला. टीचरही हसल्या. मयिलसामीला मात्र खाली बघावं लागलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

* * *

तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला. टीचर खडूचे हात पदराला पुसत मागे आल्या आणि त्याच्या बाकावर टेकल्या.

"माझ्याकडून लिहून न्यायला आलास ना? देते. कागद आणलायस?"

"टीचर, हे माझं आहे," तो फळ्याकडे बघत म्हणाला.

"कुणाचं आहे ते मी सांगत नसते."

"दर वर्षी लिहिता?"

"दर वर्षी कुणीतरी ही चूक करतंच. पण असं कारण पुन्हा कुणी दिलं नाही. म्हणून तेच लिहिते. मुलं लगेच भांडायला उठतात."

"शुक्रवारी सांगायचं मला!"

"सांगितलं की. फळा बघ म्हटलं. तू कॅमेरा बघितलास." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "आण कागद. चूक माझी, असं लिहिते. तसंही जूनमध्ये जायचंच आहे. तू लिहून दिलंस ते कळलंय मला. तुझ्या कामाचा भाग आहे तो. माझ्याकडे डॉक्टरेट नाही हे खरंच आहे."

"तुम्ही माझं नाव सांगितलंत तर तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

"आणि उद्या कोण मला आपली चूक आणून देईल? टीचर वेळ आली की नाव सांगतात, हे एकदा कळलं की संपलं. मग सगळे बरोबर उत्तरं कॉपी करून आणतील आणि मी त्यांना पैकीच्या पैकी देत बसेन." त्या उठल्या. "पूंगोडीला बघितलंस? सहा महिन्यांपूर्वी तोंड उघडत नव्हती. मला फक्त या पोरांचं वाईट वाटतंय. व्हिडिओला कुणी चूक दाखवत नाही रे."

मयिलसामीच्या खिशात कागद होता. तो त्याने बाहेर काढलाच नाही.

* * *

शेडमध्ये संध्याकाळी हातोडे चालू होते. ऐयांनी हात वर करून ते थांबवले.

"आणलंत लिहून?"

"नाही ऐया. ती चूक माझी आहे."

"तुमची कशी? खडू बाईंचा, फळा बाईंचा."

"गणित माझं. मी पहिल्या वर्षात केलेलं." आणि मयिलसामीने सगळं सांगितलं. शून्य, ट्रंक, वाटणी, छप्पर. आपल्या मालकासमोर, वेल्डिंग करणाऱ्या चार माणसांच्या देखत, कोट घालून हे सांगताना त्याला लाज वाटत होती, आणि सांगून झाल्यावर हलकं वाटत होतं.

ऐया कितीतरी वेळ शेंगा सोलत राहिले. एकही खाल्ली नाही.

"म्हणजे तुम्ही स्वतःच्या चुकीला पाठ लावून उभे राहिलात, आणि मी पैसे घालून त्याचा फ्लेक्स केला."

"हो."

"आणि बाईंना थांबवा, हे लिहिलंत ते?"

"तेही चुकलं."

"बरं, बाई जे करतात, त्याला तुमच्या त्या यादीत गुण किती?"

"नाहीत."

"थोडेसेही?"

"रकानाच नाही ऐया."

"मग चौऱ्याहत्तरावे कशात आलो आपण?" ऐयांनी खरोखरच विचारलं. आणि तेच पुढे म्हणाले, "बाई राहिल्या तर खाली जाऊ?"

"जाऊ. थोडे."

"खाली गेलो की दुसरी कॉलेजं नाचतील. तेव्हा माझ्यासमोर उभं राहून उत्तर कोण देणार?"

"मी देईन. पण कक्ष दुसऱ्या कुणाकडे द्या. मला पहिल्या वर्षाचा एक वर्ग द्या, टीचरांच्या शेजारचा."

"निबंध लिहायचं सोडून?"

"लिहीन. पण शिकवायचं विसरलोय ऐया. ते आधी बघतो."

ऐयांनी शेंगांची मूठ त्याच्या हातात दिली. त्यांच्याकडे ती मान्यतेची खूण होती, पण शब्दांत ते तेवढे मोकळे झाले नाहीत. "एक वर्ष. बाई एक वर्ष राहतील, मग बघू. पेपरात मी काही छापणार नाही, हसतील ते हसून गप्प बसतील. आणि तो फ्लेक्स आजच्या आज उतरवा. बायपासवरून जाताना मला पाच म्हणजे सात वाचायचं नाही."

हातोडे पुन्हा सुरू झाले.

टीचरांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं," आणि मग, "म्हणजे जूनमध्ये मला यावं लागणार. मुलीने सिंगापूरचं तिकीट काढून ठेवलंय, तिला आता कोण सांगणार? तूच सांग." मयिलसामीला तिला फोन करावा लागला आणि तिच्या चार शिव्या खाव्या लागल्या.

* * *

जूनमध्ये पहिल्या तासाच्या दिवशी मयिलसामीची झोप लवकर मोडली. देशोदेशीच्या परिषदांत न घाबरलेला माणूस सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना घाबरला होता. तोंड धुवायला तो मागच्या अंगणात गेला आणि थबकला.

बकऱ्यांच्या गोठ्यावर त्याचा चेहरा पसरला होता. कोट, खडू, तीळ, सगळं आभाळाकडे तोंड करून. बाजूला मुळाचं चिन्ह.

"अम्मा! हे काय?"

"फ्लेक्स," आई दारातून म्हणाली. "उतरवणाऱ्या पोराला सांगून ठेवलं होतं, फेकू नको म्हणून. एवढा जाड कपडा! पत्रा गळत होता. काल घातला."

"अगं, भिंतीपलीकडे गेलाय तो. काकांच्या बाजूवर."

"मोठाच आहे ना. अर्धा तिकडे लोंबत होता. कापायला सुरी आणली होती मी," आई म्हणाली. "मग म्हटलं, त्यांचाही गळतोच. असू दे."

भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या बकऱ्या एकाच सावलीत रवंथ करत उभ्या होत्या. पलीकडे, त्याच सावलीत, काका बाजेवर बसून पान लावत होता. त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत त्याने या बाजूला बघितलं तरी न बघितल्यासारखं केलं होतं. आज तो घसा खाकरून म्हणाला, "काय डॉक्टर, आज कॉलेज नाही का?"

मयिलसामीने हातातला तांब्या खाली ठेवला.

"आहे काका," तो म्हणाला. "पहिलाच तास आहे."